तळ्यातले मासे बगळा आणि खंड्या पळवतात, काय उपाय करावा?

वीस गोल्डफिशपैकी महिन्याभरात सहाच उरले आणि सकाळी काठावर एक मळकट बगळा दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. तो वंचक. आमच्या रत्नागिरीकडे ढोकरी म्हणतात. बसली की मातीच्या रंगाची, उडाली की पांढरीशुभ्र. त्यामुळे दोन पावलांवर येईपर्यंत ती दिसतच नाही.

आधी चोर नक्की कोण ते बघा. मासे मरून तरंगत असतील तर बगळ्याचा काही संबंध नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, नाहीतर पहाटे पाण्यातला प्राणवायू कमी पडणं, असलं कारण असतं. खवले काठावर सांडलेले असतील तर मांजराकडे बघा. मासे मागमूस न ठेवता गायब होत असतील आणि उरलेले तळाशी दडून खायलाही वर येत नसतील, तर बहुधा पक्षीच. एखाद्या मोठ्या माशाच्या पाठीवर जखम दिसली तर ती निसटलेल्या चोचीची असू शकते. अंधार पडताना ‘वॉक’ असा एकच आवाज ऐकू येत असेल तर रातबगळाही येत असेल.

आता माझी चूक सांगतो. माझं तळं जांभ्या दगडाचं, दहा बाय सहा फूट. गवंड्याकडून हौसेनं आत तीन पायऱ्या करून घेतल्या, कमळाच्या कुंड्या ठेवायला. वरच्या पायरीवर जेमतेम चार बोटं पाणी. ढोकरी थेट खोल पाण्यात सहसा उतरत नाही, काठावर बसते आणि उथळ पाण्यातून एकेक पाऊल टाकत येते. म्हणजे मी तिला पाट मांडून दिला होता! वर रोज सकाळी सातला खाणं टाकून मासे त्याच पायरीपाशी जमवायचो. मी आत गेलो की ती यायची.

वरची पायरी फोडली. आता काठापासून सरळ अडीच फूट खोली आहे. सगळ्या उपायांत हाच खरा उपयोगी पडला. तुमचं तळं बांधून झालं असेल आणि तोडफोड नको असेल, तर काठालगत तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, ताणा. एक दोरा जमिनीपासून सहा इंचांवर, दुसरा फूटभर उंचीवर. चालत येणाऱ्या पक्ष्याच्या पायाला तो लागतो आणि तो बिचकतो. मात्र घट्ट ताणा, आणि तुटलेला तुकडा लगेच उचला.

खंड्याला हे काहीच लागू नाही. तो तारेवर किंवा कठड्यावर बसून नेम धरतो आणि वरून सूर मारतो. मी कपडे वाळत घालायची दोरी तळ्यावरून हलवली, तेवढ्यानं त्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण विजेची तार कुठे हलवणार? तिथे जाळीच हवी. चौकट करून तिच्यावर जाड दोऱ्याची, इंचापेक्षा लहान भोकांची जाळी ताणून बसवा, पाण्यापासून फूटभर वर. सैल सोडली तर बगळा तिच्यावरच उभा राहून भोकांतून मासे टिपतो. मी सुरुवातीला मासेमारीची जुनी पातळ जाळी नुसती पसरली होती. तिच्यात एक दिवड, म्हणजे पाणसाप, अडकली. विषारी नसली तरी चावते, त्यामुळे कात्रीनं एकेक दोरा कापून तिला सोडवताना माझा अर्धा दिवस गेला. तीही मासे खायलाच आली होती म्हणा.

माशांना लपायला जागा द्या. चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन-दोन फुटांचे, दोन्ही तोंडं उघडी असलेले तुकडे तळाशी टाका, किंवा मंगलोरी कौलं एकमेकांना टेकवून ठेवा. कमळाची पानं अर्ध्या पाण्यावर असली तर उत्तम. जलपर्णी मात्र नको. ती दाट झाली की ढोकरी तिच्यावरच तराफ्यासारखी उभी राहते.

सीडी टांगणं, प्लास्टिकचं घुबड, हे सगळं मी करून पाहिलंय. आठवडाभरात घुबडाच्या डोक्यावर खंड्या बसलेला पाहिला. गलोल, फास, विष यांच्या वाटेला तर जाऊच नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या पक्ष्यांना संरक्षण आहे.

पावसाळ्यात जास्त लक्ष ठेवा. त्या दिवसांत ढोकरीची पाठ तांबूस-जांभळट होते, घरट्यात पिल्लं असतात आणि फेऱ्या वाढतात. नवे मासे आणायची घाई करू नका. एकदा जागा कळलेला बगळा पुन्हापुन्हा येऊन बघतो. आधी काठ आणि जाळी नीट करा, महिनाभर तळ्यात नुसते गप्पी ठेवा. ते थेट पिल्लं देतात, चार गेले तरी भरून निघतात, आणि डासांच्या अळ्याही खातात. माझ्याकडे गप्पी टिकले, तेव्हाच मी गोल्डफिश पुन्हा आणले.