कॅलिफोर्नियात ज्युरी ड्युटीचं (खटल्याचा निवाडा देणाऱ्या नागरिकांच्या मंडळात बसण्याचं) समन्स आलंय. सून ग्रीन कार्डवर, सासूबाई बहात्तर वर्षांच्या सिटिझन. दोघींना सूट कशी मिळेल?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: एकाच आठवड्यात घरी दोन समन्स आली, एक तुम्हाला आणि एक सासूबाईंना. सासूबाईंचं इंग्रजी जेमतेम, सासऱ्यांना पार्किन्सन्स, डिसेंबरात पुण्याची तिकिटं काढलेली आणि नवरोबा म्हणतात, कागद फेकून द्या.

कागद फेकू नका. कॅलिफोर्नियात हजर न राहिल्याचा दंड पहिल्या वेळी २५० डॉलर, दुसऱ्या वेळी ७५० आणि त्यापुढे १५०० पर्यंत जाऊ शकतो. त्याआधी नोटीस येते, पण ती पोस्टानं. फोनवर कुणी "ज्युरीला आला नाहीत, वॉरंट निघालंय, गिफ्ट कार्डाचे नंबर द्या" म्हणालं तर तो भामटा समजा आणि फोन ठेवा. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही.

समन्सवर सगळ्यात वर 'सुपीरियर कोर्ट ऑफ कॅलिफोर्निया' आणि काउंटीचं नाव असेल तर पुढचं सगळं लागू. 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट' असेल तर ते फेडरल, त्याचे नियम वेगळे.

आता तुमचं. तुम्हाला सूट मागायचीच नाहीये, कारण तुम्ही पात्रच नाही. ज्युरीत फक्त नागरिक बसतात. तरी समन्स का आलं? कारण नावं केवळ मतदार यादीतून घेत नाहीत. डीएमव्हीची, म्हणजे वाहन परवाना खात्याची, लायसन्स आणि आयडीची यादी असते, आणि २०२२ पासून राज्याचा इन्कम टॅक्स भरणाऱ्यांचीही यादी जोडली आहे. या दोन याद्यांत एच-वन, एल-वन व्हिसावाले, ग्रीन कार्डवाले सगळेच असतात. समन्सवरच्या ज्युरर नंबरनं कोर्टाच्या साइटवर जा, 'मी नागरिक नाही' हा पर्याय निवडा, मागितलीच तर ग्रीन कार्डाची प्रत जोडा आणि पोच मिळते तिचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. घाईघाईत 'नागरिक आहे' वर टिक करून पुढे जाऊ नका. उत्तराखाली तुम्ही शपथेवर सही करता, आणि नागरिक असल्याचा खोटा दावा ही इमिग्रेशन कायद्यातली फार महाग चूक आहे. पुढे एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरताना तुम्ही कधी स्वतःला नागरिक म्हणवलंत का, हा प्रश्न थेट विचारतात. जाताजाता मतदार यादीत आपलं नाव चुकून आलेलं नाही ना, तेही बघा. २०१८ मध्ये डीएमव्हीच्या गोंधळात काही परदेशी नागरिकांची नावं त्या यादीत गेली होती. नाव सापडलं तर आधी इमिग्रेशन वकील गाठा, स्वतःहून पत्रव्यवहार सुरू करू नका.

सासूबाईंची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी तीन वाटा आहेत, आणि गफलत होते ती त्या एकमेकींत मिसळल्यामुळे.

पहिली वाट इंग्रजीची. पुरेसं इंग्रजी येत नसेल तर कॅलिफोर्नियात माणूस अपात्र ठरतो, ही मेहेरबानी नव्हे. साक्षीदाराला दुभाषा मिळतो, इथल्या ज्युररला मिळत नाही. (न्यू मेक्सिकोत मात्र इंग्रजी येत नाही म्हणून ज्युरीतून वगळता येत नाही, तिथे दुभाषा देतात.) "सिटिझन आहात म्हणजे इंग्रजीची परीक्षा दिलीच असेल" असं कुणी म्हटलं तर ते खरं असेलच असं नाही. पन्नाशी पार आणि ग्रीन कार्डाला वीस वर्षं, किंवा पंचावन्न आणि पंधरा वर्षं, अशांना ती परीक्षा माफ असते. पण बाई दुकानात, दवाखान्यात, शेजाऱ्यांशी आरामात इंग्रजी बोलत असतील तर ही वाट धरू नका. कोर्ट त्यांना प्रत्यक्ष बोलावून दोन प्रश्न विचारू शकतं, आणि तिथे उत्तरं तुम्ही देऊन चालत नाही.

दुसरी वाट तब्येतीची. इथे एक गैरसमज घट्ट बसलाय की सत्तरी ओलांडली की आपोआप सुटका. न्यू जर्सीत पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना वयाच्या आधारावर सूट मागता येते, पण कॅलिफोर्नियात नुसतं वय हे कारण नाही. सत्तरीनंतर सवलत एवढीच की तब्येतीचं कारण दिलं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट मागत नाहीत. कारण लिहावं लागतंच: गुडघे, मधुमेह, सलग दोन तास बसवत नाही, जे खरं असेल ते. दुखणं कायमचं असेल तर कायमस्वरूपी वैद्यकीय सूट मागता येते, तिला मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरचं पत्र लागतं.

तिसरी वाट सासऱ्यांच्या देखभालीची, आणि अर्ज सगळ्यात जास्त इथेच फसतात. या सवलतीचं इंग्रजी नाव 'अनड्यू हार्डशिप'. नियमात दोन गोष्टी मागितल्या आहेत: अडचण नेमकी काय, आणि तारीख पुढे ढकलून ती का सुटणार नाही. दुसरी गोष्ट लोक लिहीतच नाहीत. "माझे पती आजारी आहेत" एवढ्यावर बहुधा नवी तारीख मिळते, सूट नाही. त्याऐवजी असं लिहा: पतींना पार्किन्सन्स आहे, उठताबसता आणि औषधं देताना आधार लागतो, मुलगा-सून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा कामावर असतात, त्या वेळात घरी मी एकटीच, दिवसभराची मदतनीस ठेवणं परवडणारं नाही, आजार बरा होणारा नसल्यामुळे तीन महिन्यांनीही परिस्थिती हीच राहील. अर्थात, यातलं जे तुमच्या घरी खरं आहे तेवढंच. आजारपणाचा कागद मागू शकतात, तो हाताशी ठेवा.

मी असतो तर तब्येत आणि देखभाल दोन्ही एकाच अर्जात मांडलं असतं, आणि इंग्रजीचा मुद्दा खरोखर तसा असेल तरच.

आणि पुण्याची तिकिटं? ते सूट मिळण्याचं कारण होतच नाही. त्यासाठी तारीख ढकलायची. पहिल्यांदा ढकलायला फारसं कुणी विचारत नाही, ऑनलाइन होतं. ९० दिवसांपर्यंतची मुदत सर्रास मिळते, नेमकी किती ते काउंटीवर. परत आल्यावर जेटलॅगचा आठवडा सोडून तारीख घ्या. आपण भारतात असताना समन्स पेटीत पडून राहणं हाही नेहमीचाच घोळ. यूएसपीएसचं (टपाल खात्याचं) 'होल्ड मेल', म्हणजे टपाल राखून ठेवण्याची सोय, जास्तीत जास्त ३० दिवस चालतं, म्हणून 'इन्फॉर्म्ड डिलिव्हरी' चालू करून जा, पाकिटांचे फोटो ईमेलवर येतात.

सूट नाहीच मिळाली तरी घाबरण्यासारखं काही नाही. इथे 'एक दिवस किंवा एक खटला' अशी पद्धत आहे, म्हणजे बहुधा एका दिवसात मोकळे, निवड झाली तर तो एक खटला संपेपर्यंत. बऱ्याच काउंट्यांत आठवडाभर रोज संध्याकाळी आपला ग्रुप नंबर साइटवर बघायचा, आणि पाच दिवसांत बोलावणं आलं नाही तर घरबसल्या ड्युटी पूर्ण, पुढचे निदान १२ महिने निवांत. बोलावलंच आणि खटला लांबलचक निघाला, तर सुरुवातीलाच कुणाला अडचण आहे का ते विचारतात आणि फॉर्म देतात. नवऱ्यालाही कधीतरी बोलावणं येईल, त्यानं कंपनी ज्युरीचे किती दिवस पगारी देते याचं एचआरचं पत्र सोबत न्यावं. कॅलिफोर्नियात खासगी कंपनीवर पगार देण्याची सक्ती नाही, आणि कोर्ट देतं ते दुसऱ्या दिवसापासून रोज १५ डॉलर, त्यामुळे पैशांच्या अडचणीत हे पत्र कामाला येतं. कामावरून काढणं मात्र बेकायदा आहे.

ज्युरीची निवड होताना आपल्याला वगळावं म्हणून "माझा पोलिसांवर विश्वासच नाही" छाप नाटकं करायला सांगणारे भेटतील. ती उत्तरं शपथेवर असतात, न्यायाधीश उलटून चार प्रश्न विचारतात, आणि एका खटल्यातून काढलं तरी त्याच दिवशी दुसऱ्या कोर्टरूममध्ये पाठवू शकतात.