१ जूनचा वाढदिवस आणि सहा महिन्यांची मुदत

मध्य न्यू जर्सीतल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी दर मंगळवारी बसते. मेडिकेअर म्हणजे अमेरिकेत पासष्टीला मिळणारा सरकारी आरोग्यविमा. त्याबद्दल मोफत सल्ला देणारा ‘शिप’ नावाचा सरकारी उपक्रम आहे, त्याची मी स्वयंसेवक. आम्ही विमा विकत नाही आणि कुणाला ‘हाच घ्या’ असंही सांगत नाही. कागद समजावून देतो, तारखा दाखवतो. मराठी माणूस आला की तासाची भेट हमखास दोन तासांची होते.

जानेवारी २०२५मध्ये एक जोडपं आलं. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) गृहस्थ निवृत्त इंजिनिअर, डिसेंबरात नोकरी सुटलेली, मधुमेह आहे, २०१९ साली एक स्टेंट बसलाय. पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानाच्या पिशवीत गच्च भरलेली पत्रकं आणि एक लॅपटॉप. चौसष्ट ओलांडल्यावर इथल्या टपालपेटीला विमा कंपन्यांचा पूर येतो, त्यातलं एकही पत्रक त्यांनी फेकलं नव्हतं. लॅपटॉपवर एक्सेल, अकरा रकाने, तीन रंग.

“ताई, एकच प्रश्न आहे,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं मेडिकेअरचा कर भरला. आता मेडिकेअर मिळणार म्हटल्यावर त्याच्यावर पुन्हा दुसरा विमा कशाला? आणि घ्यायचाच तर मंडळातले एकजण म्हणतात तो शून्य प्रीमियमवाला का नको? त्यात दात आहेत, चष्मा आहे, जिमसुद्धा आहे.”

हा प्रश्न मला महिन्यातून चारदा तरी ऐकू येतो. पण मी आधी वाढदिवस विचारला.

“१ जून.”

“खरा की शाळेतला?”

वहिनी हसल्या. “शाळेतला. माझाही तोच. दोघांच्या गुरुजींनी एकच तारीख लिहिलीय.”

आपल्या पिढीत १ जूनवाले किती निघतात ते वेगळं सांगायला नको. इथे मात्र त्या गुरुजींच्या शाईला भलतंच महत्त्व येतं. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेल्याचं मेडिकेअर एक महिना आधी सुरू होतं. म्हणजे यांचं १ मेला, १ जूनला नाही. नोंदणीचा सात महिन्यांचा काळही अलीकडे सरकतो, फेब्रुवारी ते ऑगस्ट. त्यांच्या एक्सेलमध्ये सगळीकडे जून होता. त्यांनी तिथल्या तिथे तो रकाना बदलला, तेव्हा कुठे आमचं बोलणं जमलं.

मग मूळ प्रश्न. त्यांच्या पुण्यातल्या भावाचा पाच लाखांचा मेडिक्लेम आहे. त्यामुळे यांचं पहिलं वाक्य होतं, “मेडिकेअरचं सम इन्शुअर्ड किती?” इथे तसं नसतं. इथे मर्यादा हवी होती ती तुमच्या खिशातून जाणाऱ्या पैशाला, आणि तीच नाही. भाग ए म्हणजे हॉस्पिटलात भरती झालात तर. २०२५ साली त्याचं डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम, १,६७६ डॉलर, आणि ते वर्षातून एकदाच भरायचं असंही नाही. घरी आल्यावर साठ दिवस उलटून पुन्हा भरती झालात, तर पुन्हा. भाग बी म्हणजे डॉक्टर, तपासण्या, बाहेरच्या बाहेर होणारे उपचार. त्याचा प्रीमियम २०२५ साली महिन्याला १८५ डॉलर, वर्षाचं डिडक्टिबल २५७, आणि त्यानंतर मंजूर रकमेचे २० टक्के तुमचे. दहा हजारांवर दोन हजार. लाखावर वीस हजार. कुठेही ‘आता पुरे’ नाही. हे आकडे दर वर्षी बदलतात, वीस टक्के बदलत नाहीत.

ही उरलेली बाकी भरणारा पूरक विमा म्हणजे मेडिगॅप. शून्य प्रीमियमवाला ॲडव्हांटेज प्लॅन ही वेगळी वाट आहे. तिथे मेडिकेअरचं सगळं काम खासगी कंपनी चालवते. भाग बीचा प्रीमियम तिथेही भरायचाच असतो, हे मंडळातल्या भाऊंनी सांगितलं नव्हतं. वर्षाच्या खर्चाला तिथे कमाल मर्यादा असते (२०२५मध्ये नेटवर्कमधल्या, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांतल्या उपचारांना जास्तीत जास्त ९,३५० डॉलर), ही चांगली गोष्ट. पण डॉक्टर कंपनीच्या नेटवर्कमधले हवेत आणि बऱ्याच उपचारांना आधी मंजुरी लागते. दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. ज्यांना दर महिन्याचा प्रीमियम जड जातो आणि ज्यांचे डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत, त्यांनी ॲडव्हांटेज घेतला तर मी कधी नाक मुरडत नाही.

यांच्या एक्सेलमध्ये पाच कंपन्यांच्या मेडिगॅप ‘प्लॅन जी’ची तुलना होती. कुणाचं कव्हर चांगलं, कुणाची सेवा काय, गुण दिलेले. मी म्हटलं, यातले चार रकाने पुसा. न्यू जर्सीत काय, बहुतेक राज्यांत काय, अक्षर एक तर फायदे एक, तसा कायदाच आहे. फरक उरतो तो किमतीचा आणि ती किंमत वयाबरोबर कशी चढणार याचा. बिचाऱ्यांचे दोन शनिवार त्यात गेले होते. चूक त्यांची नाही. मेडिकेअरचे ‘भाग’ ए, बी, सी, डी आणि मेडिगॅपचे ‘प्लॅन’ही ए, बी, सी, डी! हे नाव ठेवणाऱ्याला कुणी बारशाला बोलावू नये.

प्लॅन जी भाग बीचं डिडक्टिबल सोडून बाकी जवळजवळ सगळं उचलतो. प्लॅन एन स्वस्त असतो, पण डॉक्टरकडे जाल तेव्हा वीस डॉलरपर्यंत आणि इमर्जन्सीत पन्नासपर्यंत तुमचे, शिवाय मेडिकेअरच्या दरापेक्षा जास्त आकारणाऱ्या डॉक्टरची ती वरची रक्कमही तुमचीच. प्लॅन एफ २०२०पासून पात्र होणाऱ्यांना मिळत नाही, त्यावर वेळ घालवला नाही. औषधांसाठी भाग डी वेगळा घ्यावा लागतो. दात, चष्मा, कानाचं यंत्र मेडिगॅपमध्ये नाहीत.

एवढं सगळं ऐकून ते म्हणाले, “मग असं करतो. आत्ता शून्यवाला घेतो. तब्येत बिघडली की बदलतो. दर ऑक्टोबरला बदलता येतं म्हणे.”

इथे मी चहा बाजूला ठेवला. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हा काळ ॲडव्हांटेज आणि औषधांचे प्लॅन बदलण्याचा. त्यात तुम्ही मूळ मेडिकेअरला परत येऊ शकता, पण मेडिगॅप कंपनीवर तुम्हाला घेण्याची सक्ती त्या वेळी नसते. सक्ती असते ती पासष्टी गाठून भाग बी सुरू झाल्यापासूनचे सहा महिने. यांच्या बाबतीत मे ते ऑक्टोबर. तेवढ्यात तुमचा स्टेंट, तुमची साखर, काहीही विचारून नकार देता येत नाही, दर वाढवता येत नाही. नंतर न्यू जर्सीत कंपनी प्रकृतीचे प्रश्न विचारू शकते. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये तसं नाही, तिथे वर्षभर कधीही घ्यावंच लागतं. नदी ओलांडली की नियम वेगळा. पासष्टीला पहिल्यांदाच ॲडव्हांटेज घेतला तर बारा महिन्यांत मूळ मेडिकेअरला परतून मेडिगॅप घ्यायची एक मुभा आहे. ती मी त्यांना मोठ्या अक्षरांत लिहून दिली, कारण ती लोक विसरतात.

मग त्यांना एका बाईंची गोष्ट सांगितली. चार वर्षं शून्य प्रीमियममध्ये मजेत होत्या. एकोणसत्तराव्या वर्षी कर्करोग निघाला, हवं ते हॉस्पिटल नेटवर्कबाहेर. मूळ मेडिकेअरला परत आल्या, पण मेडिगॅपचे अर्ज एकामागून एक नामंजूर झाले. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा माझ्याजवळ त्यांना दाखवायला एकही तारीख उरलेली नव्हती.

खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही. इतका वेळ गप्प असलेल्या वहिनींनी विचारलं, “पण यांचे हार्टचे डॉक्टर तेच राहतील ना?”

अकरा रकान्यांत हा प्रश्न कुठेच नव्हता. आम्ही तिथूनच डॉक्टरांच्या ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर. मेडिकेअर घेता? हो. हा ॲडव्हांटेज प्लॅन घेता? पलीकडची मुलगी म्हणाली, या वर्षी घेतो, पुढच्या वर्षीचं आत्ता सांगता येत नाही. गृहस्थांनी लॅपटॉप मिटला.

निघताना आणखी एक गाठ सुटली. नोकरी सुटल्यापासून दोघं कोब्रावर (सुटलेल्या नोकरीचा विमा स्वखर्चानं चालू ठेवण्याची सोय) होती, आणि तो दीड वर्ष चालतो तर मेडिकेअरची घाई कशाला, असं त्यांच्या मनात होतं. कोब्रा म्हणजे चालू नोकरीचा विमा नव्हे. त्याच्या भरवशावर भाग बी लांबवला तर उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे प्रीमियमवर १० टक्के दंड बसतो, बहुतेकांना जन्मभर. वहिनी एकसष्टच्या, त्यांचा कोब्रा पुढे चालू ठेवता येणार होता. मेडिगॅप नवराबायकोचा एकत्र नसतो, त्यांची पाळी त्यांच्या पासष्टीच्या १ मेला.

त्यांनी मार्चमध्ये अर्ज केला, १ मेपासून प्लॅन जी. प्रीमियम दीडशे डॉलरच्या वर गेला म्हणून थोडी कुरकुर केली, ती मी ऐकून घेतली.

नोव्हेंबरात त्यांचा फोन आला. पुण्याला चालले होते. मेडिकेअर भारतात चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं. प्लॅन जीमध्ये परदेशातल्या इमर्जन्सीचे ८० टक्के मिळतात, २५० डॉलर डिडक्टिबलनंतर, जन्मभरात ५० हजारांपर्यंत, पण प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांतच. गृहस्थांनी ते पान नीट वाचलं होतं आणि परतीचं तिकीट अठ्ठावन्नाव्या दिवसाचं काढलं होतं.

मागून वहिनींचा आवाज आला, “ताई, यांना सांगा हो, भाचीचं लग्न त्रेसष्टाव्या दिवशी आहे!”

मी म्हटलं, तिकीट पुढे ढकला, वरच्या दिवसांसाठी वेगळा प्रवासविमा मिळतो. “किती कंपन्या आहेत?” त्यांनी विचारलं, आणि मला पलीकडे लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला.