तिसऱ्या सामन्याचं तिकीट आधी काढू नका

तुमच्या पोस्टमधले "गरज पडल्यास" हे दोन शब्द वाचले आणि उत्तर लिहायला बसले. किचनरला नवीन आलात, मुलगा शाळेत लॅक्रोस (जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) खेळायला लागला, त्याच्या हट्टापायी एनएलएलच्या (नॅशनल लॅक्रोस लीग, बंद मैदानातल्या लॅक्रोसची व्यावसायिक लीग) प्लेऑफमधल्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमधल्या, तिसऱ्या सामन्याची तिकिटं एका पुनर्विक्रीच्या साइटवरून घेतलीत, मालिका दोन सामन्यांतच संपली आणि आता ती कंपनी पैशांऐवजी "क्रेडिट" घ्या म्हणतेय. पुढचा हंगाम नीट कसा बघायचा, हेही तुम्ही विचारलंय. यातल्या पहिल्या भागातून मी अगदी तशीच गेले आहे, त्यामुळे उत्तर लांबेल. मी वकील नाही, तिकिटांच्या धंद्यातलीही नाही, तेव्हा चूभूद्याघ्या. खेळाचे साधे नियम सांगत बसत नाही, ते मुलगा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले सांगेल.

आधी पैशांचं. एनएलएलच्या प्लेऑफमध्ये पहिली फेरी एका सामन्याची असते, हरला तो घरी. उपांत्य फेरी आणि अंतिम फेरी मात्र तीनपैकी दोन जिंकण्याची. तिसरा सामना झालाच तर तो गुणतक्त्यात वर असलेल्या संघाच्या घरी होतो. २०२२, २०२३ आणि २०२५ या तिन्ही वर्षी अंतिम मालिका तिसऱ्या सामन्यापर्यंत गेली आणि तिन्ही वेळा तो बफेलोला झाला. त्यामुळे "तिसरा होतोच" असा समज पसरतो. पण २०२४ मध्ये बफेलो बँडिट्सने ऑल्बनी फायरवुल्व्सना सलग दोन सामन्यांत हरवलं आणि तिसरा झालाच नाही. म्हणजे तिसऱ्या सामन्याचं तिकीट हे न ठरलेल्या गोष्टीचं तिकीट आहे. संघाच्या अधिकृत खिडकीवर घेतलं, तर सामना न झाल्यास पैसे सहसा त्याच कार्डवर परत येतात, निदान माझ्या ओळखीतल्यांना तरी आले. पुनर्विक्रीत तसं घडेलच असं नाही.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगते. शहर, संघ, कंपनी यांची नावं लिहीत नाही. मुलीच्या लाडक्या संघाची मालिका होती. पहिल्या सामन्याची चांगली तिकिटं संपलेली, म्हणून तिसऱ्याची घेतली. साइटच्या पानावर तारीख, वेळ, रांग, खुर्ची सगळं ठळक होतं. "गरज पडल्यास" हे शब्द पैसे भरल्यानंतर आलेल्या ईमेलच्या तळाशी, बारीक अक्षरांत होते. आमचा संघ दोन्ही सामने जिंकला. घरात नाचणं, ओरडणं, सगळं झालं. दुसऱ्या सामन्याच्या शेवटच्या सत्रात मुलगी मात्र हळूच म्हणाली होती, "आई, आज हरले तर आपल्याला जायला मिळेल ना?" ते मला फार लागलं. आपल्याच संघाने हरावं असं लहान मुलाला वाटायला लावणारं तिकीट कुणी विकू नये आणि कुणी घेऊही नये, असं माझं तेव्हापासून ठाम मत आहे.

त्यानंतर सुरू झाला त्या कंपनीचा ग्राहक सेवा विभाग. त्यांच्या पानावर आमच्या सामन्यापुढे "पुढे ढकलला, नवी तारीख कळवू" असं दिसत होतं. चॅटवरच्या माणसाला मी लिहिलं की मालिका संपली आहे, तारीख येणारच नाही. उत्तर आलं, आयोजकांकडून सामना रद्द झाल्याचं कळवलेलं नाही. पुन्हा लिहिलं की हा सामना रद्द झालेला नाही, त्याची गरजच उरली नाही. मग उत्तर आलं की रद्द झालेला नसेल तर परताव्याचा प्रश्नच येत नाही. अरीनाच्या खिडकीवर फोन केला तर ते म्हणाले की तिकीट आमच्याकडून घेतलेलं नाही. त्यांचं बरोबरच होतं. पुढे अंतिम फेरी झाली, चषक दिला गेला, खेळाडू उन्हाळी लीगला निघून गेले, तरी त्या पानावर "नवी तारीख कळवू" तसंच. दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, पहिल्यापासून सगळी कहाणी पुन्हा. प्रत्येकजण गोड बोलायचा आणि प्रत्येकजण टोलवायचा. शेवटी त्यांनी मेहेरबानी केल्यासारखं क्रेडिट देऊ केलं, तेही मुदतीचं, आणि मुदत संपत होती पुढचे प्लेऑफ सुरू व्हायच्या आधी! त्याच साइटवर ते वापरायचं, म्हणजे त्यांचं सेवाशुल्क पुन्हा भरायचं. या सगळ्यात खरं नुकसान वेगळंच झालं. त्या पैशांतून पुढच्या हंगामाचा पास घ्यायचा होता, आणि त्याच्या सवलतीची तारीख पैसे अडकलेले असतानाच उलटून गेली. एका न झालेल्या सामन्यापायी मुलीचा अख्ख्या हिवाळ्याचा पास गेला.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, "क्रेडिट स्वीकारा" हे बटण दाबू नका. एकदा दाबलंत की तुम्ही तडजोड मान्य केली असं ते म्हणू शकतात. आमचे पैसे परत आले ते कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद दाखल केल्यावर. त्याला मुदत असते आणि ती बँकेगणिक वेगळी असते, तेव्हा आजच फोन करा. बँकेला तीन गोष्टी पाठवल्या: तो "गरज पडल्यास" लिहिलेला ईमेल, मालिका संपल्याची लीगची बातमी, आणि नंतरही "पुढे ढकलला" दाखवणारा त्या पानाचा तारखेसह फोटो. तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगी पडली असं मला वाटतं, कारण त्यात कंपनी धडधडीत चुकीचं सांगतेय हे दिसत होतं. तिकिटाची किंमत मिळाली, सेवाशुल्क बुडालं ते बुडालंच. तुम्ही ऑन्टारियोत आहात, तर इथला २०१७ चा तिकीट विक्री कायदाही वाचून बघा. सामना रद्द झाल्यास पैसे परत देण्याची हमी पुनर्विक्री करणाऱ्यांवर त्यात आहे. न खेळवलेला तिसरा सामना "रद्द" धरायचा का, यावर कंपनी वाद घालेल. पण पत्रात कायद्याचं नाव असलं की उत्तराचा सूर बदलतो, हे मी पाहिलं आहे.

आता हंगामाबद्दल. माझं मत जरा कडक आहे: प्लेऑफपासून सुरुवात करूच नका. डिसेंबरच्या आसपास हंगाम सुरू होतो, एप्रिलपर्यंत साखळी चालते, प्रत्येक संघ १८ सामने खेळतो, म्हणजे घरचे नऊ. सामने बहुतेक शुक्रवारी-शनिवारी, कारण यातले बरेच खेळाडू आठवडाभर नोकरी करतात. कोणी शाळेत शिक्षक, कोणी अग्निशमन दलात. शुक्रवारी काम संपवून विमान पकडायचं, शनिवारी खेळायचं, रविवारी परत. हे एकदा कळलं की फेब्रुवारीतल्या एखाद्या रटाळ वाटणाऱ्या सामन्याकडेही वेगळ्या नजरेने बघता येतं. आता सगळ्या लीगचा गुणतक्ता एकच असतो आणि वरचे आठ प्लेऑफला जातात, त्यामुळे मार्चमध्ये सातव्या ते दहाव्या जागेसाठी जी मारामारी चालते ती मला प्लेऑफइतकीच आवडते. तिकीटही स्वस्त मिळतं.

किचनरहून तुम्हाला सोयीचा संघ टोरंटो रॉक. पण नावावर जाऊन टोरंटो शहरात अरीना शोधू नका. २०२१-२२ पासून ते हॅमिल्टनला खेळायला लागले, आणि तिथल्या अरीनाचं नूतनीकरण चालू असताना २०२४-२५ चा हंगाम मिसिसॉगात झाला. दर वर्षी तिकीट काढण्याआधी मैदान कुठलं ते बघायचंच. या लीगमध्ये संघही हलतात. रॉचेस्टरचा जुना संघ २०१९ मध्ये हॅलिफॅक्सला गेला, न्यूयॉर्कचा २०२४ मध्ये ओटावाला आला, फोर्ट वर्थचा पँथर सिटी त्याच वर्षी बंद पडला. म्हणून मी मुलीला सांगते की जर्सी हवी तर घे, पण जीव खेळाडूंवर लाव. घरी बघायचं तर २०२४-२५ च्या हंगामात सामने कॅनडात टीएसएन, अमेरिकेत ईएसपीएन प्लसवर दिसायचे. यंदा नेमकं काय कुठे दिसणार आहे ते हंगाम सुरू होताना तपासा आणि वर्षभराचं वर्गणीचं पॅकेज लगेच घेऊ नका.

काय बघायचं, हा तुमचा प्रश्न. चेंडूच्या मागे डोळे फिरवत राहिलात तर अर्ध्या तासात थकाल. त्यापेक्षा घड्याळ बघा. ३० सेकंदांत गोलवर फटका मारायचा, नाहीतर चेंडू गेला. आपल्या कबड्डीतली चढाईही ३० सेकंदांचीच, त्यामुळे हा ताण आपल्या अंगात आधीच मुरलेला आहे. शेवटच्या दहा सेकंदांत बचाव कसा आवळत येतो ते बघा. नंतर बदली खेळाडूंच्या बाकाकडे बघा. चेंडू हातातून गेला की आक्रमणवाले धावत बाहेर आणि बचाववाले आत, हे सगळं खेळ न थांबवता. या अदलाबदलीत कोण उशीर करतो, त्यावर कितीतरी गोल होतात. तिसरी गोष्ट म्हणजे गोलकीपर. पिंजरा पावणेपाच फूट रुंद, चार फूट उंच, आणि त्यापुढे भलेमोठे पॅड बांधलेला माणूस. जागाच दिसत नाही, तरी गोल होतात. मॅट विंकसारखा गोलकीपर फटका यायच्या आधी कोणता कोपरा मोकळा ठेवतो हे ओळखायला लागलात की तुम्ही पक्के प्रेक्षक झालात. बफेलोकडून खेळणारा डेन स्मिथ हे नावही लक्षात ठेवा. २०१६ च्या हंगामात त्याने गोल आणि असिस्ट मिळून १३७ गुण केले होते. त्याचे पास बघा, गोल नंतर.

हा खेळ कोणाचा आहे, हेही मुलाला सांगाच. हॉडेनोशोनी (इरोक्वॉय) या इथल्या मूळनिवासी लोकांसाठी लॅक्रोस म्हणजे निर्मात्याने दिलेला, आजाऱ्याला बरं करणारा खेळ आहे. बंद मैदानातला प्रकार मात्र १९३० च्या दशकात कॅनडात हॉकीची रिंकं उन्हाळ्यात रिकामी राहत म्हणून उभा राहिला. तुमच्या घरापासून सिक्स नेशन्स, म्हणजे त्यांची ऑन्टारियोतली वस्ती, काही फार लांब नाही. हॅलिफॅक्सच्या संघाचे मालक कर्ट स्टायर्स तिथलेच. जॉर्जियाकडून खेळलेला लायल थॉम्पसन ओनोंडागा या हॉडेनोशोनींपैकीच एका राष्ट्राचा. २०१९ मध्ये फिलाडेल्फियातल्या सामन्यात निवेदकाने त्याची वेणी कापण्याची भाषा केली होती, त्यात टाळूची कातडी सोलण्याच्या जुन्या क्रूरतेचा दर्प होता. त्या निवेदकाला काढून टाकण्यात आलं. २०१० मध्ये तर हॉडेनोशोनी संघाला जागतिक स्पर्धेसाठी मँचेस्टरला जाताच आलं नाही, कारण ब्रिटनने त्यांचे स्वतःचे पासपोर्ट मानले नाहीत. व्हिसाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या ऑलिंपिक समितीच्या बैठकीत क्रिकेटबरोबरच लॅक्रोसलाही २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी मान्यता मिळाली. खेळ घेतला, पण ज्यांचा तो आहे त्यांना स्वतःच्या झेंड्याखाली खेळू द्यायचं की नाही यावर वाद घालत बसायचं, हे मला अजिबात पटत नाही. तिथे खेळला जाणारा प्रकार मैदानी, सहा-सहा जणांचा असेल. रिंकवरचा हा नव्हे. मुलगा विचारेल म्हणून सांगून ठेवते.

व्हिसावरून आठवलं. बफेलोला सामना बघायचा मोह होईल आणि तो व्हावाच, तिथल्या प्रेक्षकांसारखे प्रेक्षक दुसरीकडे नाहीत. पण भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचं पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) असूनही अमेरिकेचा व्हिसा लागतो. भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर त्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे का ते आधी बघा, तिकीट मग. आणि लहान मुलांसाठी कानावर लावायचे आवाजरोधक घेऊन जा. इथे खेळ चालू असतानाही मोठ्याने गाणी लावतात, माझ्या भाच्याचे पहिल्या सत्रातच कान दुखायला लागले होते.

आणि तुमचं पुढच्या हंगामाचं बजेट या भानगडीत गेलं असेल तर उन्हाळ्यावर भर द्या. मेजर सिरीज लॅक्रोस या ऑन्टारियोतल्या उन्हाळी लीगमध्ये पीटरबरो लेकर्स, सिक्स नेशन्स चीफ्स यांच्याकडून एनएलएलमधलेच अनेक खेळाडू खेळतात. छोट्या रिंका, माफक तिकीट, काचेला नाक लावून बघता येतं. सप्टेंबरमध्ये मान चषकासाठी, म्हणजे कॅनडाच्या विजेतेपदासाठी, पूर्वेचा आणि पश्चिमेचा विजेता भिडतो, ती सातपैकी चार जिंकण्याची मालिका असते. तिथेही "गरज पडल्यास" वाले सामने असतात, तेव्हा त्यांची तिकिटं गरज पडल्यावरच, खिडकीवर जाऊन घ्या.

बँकेला पाठवलेलं पत्र माझ्याकडे अजून आहे, इंग्रजीत आहे. हवं असेल तर व्यनि करा, नावं खोडून पाठवते. फक्त आधी बँकेला फोन करा.