'डिड नॉट वेंट' का होते?

फोंड्याहून एका आईने विचारले आहे: मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, आता इंग्रजीतून शिकते. क्रियापदांची रूपे तिला तोंडपाठ आहेत, तरी 'आय डिड नॉट वेंट टू म्हापसा' असे लिहिते. हे कसे सुधारावे?

मुलगी इथे मराठीचा नियम पाळते आहे. 'मी म्हापशाला गेले' याचा नकार करताना आपण 'गेले' तसेच ठेवतो आणि पुढे 'नाही' लावतो. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न आला की भूतकाळ मुख्य क्रियापदावरून उठतो आणि 'डू'वर जाऊन बसतो. 'डू'चे 'डिड' झाले की 'गो' मूळ रूपात राहते: डिड नॉट गो, डिड यू गो? 'वॉज' आणि 'वेअर' यांना मात्र 'डिड' लागत नाही.

गोव्यातल्या मुलांना हे समजावणे तुलनेने सोपे आहे, कारण कोकणी कानावर असते. 'तो आयलो' म्हणणारे मूल नकारात सर्रास 'तो येवंक ना' म्हणते. रचना हुबेहूब इंग्रजीसारखी नाही, पण नकारात क्रियापदाचे भूतकाळी रूप गळून पडते ही गोष्ट त्याच्या ओळखीची असते. शिक्षकांनी याचा उपयोग जरूर करावा.

आता साधी रूपे. बहुतेक क्रियापदांना शेवटी 'ई-डी' लागते, पण उच्चार तीन होतात आणि आपल्याकडे 'हेल्पेड', 'वॉकेड' ऐकू येते ते इथेच. संस्कृत संधी शिकलेल्यांना नियम पटकन कळेल. क्रियापदाच्या शेवटी क, प, स, श, च यांसारखा अघोष ध्वनी, म्हणजे उच्चारताना गळा थरथरत नाही असा, असेल तर 'ट': वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. घोष व्यंजन किंवा स्वर असेल तर 'ड': कॉल्ड, प्लेड. शेवट मुळातच 'ट' किंवा 'ड'चा असेल तरच वेगळे अक्षर उच्चारायचे: वाँटिड, नीडिड. शेवट ध्वनीचा पाहायचा, लिहिलेल्या अक्षराचा नाही. म्हणून 'लाफ'चे 'लाफ्ट'.

स्पेलिंगमध्ये 'स्टॉप'चा 'पी' दुप्पट होतो, 'व्हिजिट'चा 'टी' होत नाही, कारण 'व्हिजिट'मध्ये आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अक्षरावर आहे. 'प्रिफर'मध्ये तो शेवटी, म्हणून 'आर' दोनदा. 'ट्रॅव्हल'चा 'एल' ब्रिटिश लेखनात दुप्पट होतो, अमेरिकेत एकच राहतो.

उरली अनियमित क्रियापदे. ती नेमकी रोजच्या तोंडातली असतात: जाणे, येणे, खाणे, देणे. सतत वापरात असल्यामुळे त्यांची जुनी रूपे टिकली. 'हेल्प'चे भूतकाळी रूप एके काळी 'होल्प' होते, ते मागे पडून 'हेल्प्ट' आले. नवे क्रियापद तर थेट नियमात शिरते. 'गूगल'चे 'गूगल्ड'च झाले. मराठीतही बस–बसला, हस–हसला असे सरळ चालते, पण कर–केला, ये–आला, जा–गेला. यातली शेवटची जोडी मला फार आवडते. 'जा' संस्कृत 'या' धातूतून आले आणि 'गेला' 'गत'वरून, म्हणजे दोन धातूंचे एक क्रियापद. 'वेंट'चेही तसेच. ते मुळात 'वेंड' या वेगळ्या क्रियापदाचे रूप, 'गो'ने ते आपलेसे केले.

एक सोयही सांगायला हवी. आपल्याकडे गेलो, गेले, गेलास, गेली, गेल्या. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'वेंट'.

माझे मत विचाराल तर 'गो–वेंट–गॉन' असा तक्ता घोकून ही चूक जाणार नाही. तक्त्यात नकार नसतो आणि चूक नकारातच होते. रोज चार-पाच क्रियापदे घ्या आणि प्रत्येकाची तीन वाक्ये एकत्र म्हणून घ्या: आय वेंट, आय डिड नॉट गो, डिड यू गो? आधी तोंडी, मग वहीत.