ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात फुलपाखरं ओळखायला कुठलं अ‍ॅप चांगलं?

तुम्ही विचारलंय की जुलैच्या शेवटी तीन आठवडे भावाकडे सरेला जाताय, आसपास टेकड्या आणि शेतं आहेत, आणि फोटो काढला की फुलपाखराचं नाव सांगेल असं अ‍ॅप हवंय.

अ‍ॅपचं आधी सांगून मोकळी होते. बिग बटरफ्लाय काउंटचं, म्हणजे इथल्या दर उन्हाळ्यातल्या फुलपाखरू मोजणीचं, अ‍ॅप घ्या. मोफत आहे, नेहमी दिसणारी फुलपाखरं त्यात चित्रांसकट आहेत आणि तुम्ही याल तेव्हा ती मोजणीही चालूच असेल. एका जागी पंधरा मिनिटं थांबायचं, दिसेल ते मोजायचं आणि पाठवून द्यायचं. पाहुण्यानेही केलं तरी चालतं.

पण ‘फोटो काढला की नाव’ हे वाचून मला गप्प बसवेना. मी केंटमध्ये अठरा वर्षं राहते आणि 2016 पासून एका चुनखडीच्या टेकडीवर दर आठवड्याला ठरलेल्या वाटेने चालून फुलपाखरं मोजते, एप्रिल ते सप्टेंबर. फोटोवरून नाव सांगणाऱ्या अ‍ॅपला वरून काढलेला, पंख उघडलेला फोटो आवडतो. इथली जी फुलपाखरं खरोखर चकवतात, त्यांची खूण मात्र निम्म्याहून जास्त वेळा मिटलेल्या पंखाच्या बाहेरच्या बाजूला असते, नाहीतर मिशांच्या टोकाला, नाहीतर ते ज्या झाडावर बसलंय त्या झाडात.

हे मला एका माणसाने शिकवलं, आणि त्याच माणसाने एकदा ते माझ्याबाबतीत पाळलं नाही. तेच सांगते.

2012 मध्ये मी एका स्थानिक गटाबरोबर रविवारी हिंडायला लागले. गटाचे म्होरके एक निवृत्त गृहस्थ होते, साठ वर्षं फुलपाखरं बघितलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी मला गवतात पोटावर झोपायला लावलं. समोर गवताच्या काडीवर स्किपर गटातलं एक नखाएवढं केशरी फुलपाखरू बसलं होतं. म्हणाले, वरून बघू नकोस, चेहऱ्याकडे बघ. मी हनुवटी मातीला टेकवली आणि समोरून बघितलं. मिशांच्या टोकांची खालची बाजू काळीकुळकुळीत होती, दौतीत बुडवून काढल्यासारखी. तो एसेक्स स्किपर. टोक खालून तपकिरी-नारिंगी असतं तर स्मॉल स्किपर. बाकी दोघं जवळजवळ सारखेच. त्यामुळेच 1889 पर्यंत इथल्या संग्राहकांना एसेक्स स्किपर ही वेगळी जात आहे हे माहीतच नव्हतं. पेट्यांमध्ये टाचण्या टोचून ठेवलेली असूनही. त्या दिवसापासून मी त्यांना गुरू मानलं.

आता 2013 चा ऑगस्ट. डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवर आमची फेरी होती, सेंट मार्गरेट्सहून किंग्जडाउनकडे. ऊन छान, वारा समुद्राकडून. वाटेच्या कडेला गुलाबी फुलांचा एक वेल पसरला होता, रानवाटाण्यासारखा, इथे त्याला एव्हरलास्टिंग पी म्हणतात. त्यावर एक लहानसं फुलपाखरू आलं, बसलं, आणि बसल्याबसल्या वळून डोकं खाली केलं. मी जागच्या जागी थांबले. कारण हे फुलपाखरू मी सात वर्षांची असल्यापासून ओळखते.

आमचं गाव भोरजवळ. परसात पावट्याचा मांडव असायचा. पौषात आई शेंगा सोलायला बसली की किडक्या शेंगा बाजूला टाकायची, कोंबड्यांसाठी. अशाच एका शेंगेतून चपटी, हिरवट अळी निघाली. ती मी शेंगांसकट काचेच्या बरणीत ठेवली, तोंडाला फडकं बांधून. आई रोज म्हणायची, ‘टाक गं ती घाण.’ मी टाकली नाही. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी बरणीत जांभळट निळं फुलपाखरू बसलेलं होतं, मागच्या पंखांना केसाएवढ्या बारीक शेपट्या. पी ब्लू. आपल्याकडे अगदी साधं, वाल, पावटा, तूर, घेवडा जिथे असेल तिथे सापडतं. त्यानंतर दर हिवाळ्यात मी त्या मांडवाखाली बसायचे. त्यामुळे ते उडतं कसं, बसतं कसं, अंडं फुलाच्या कळीवर कसं ठेवतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

इंग्लंडमध्ये त्यालाच लाँग-टेल्ड ब्लू म्हणतात. 1859 मध्ये ब्रायटनजवळ ते पहिल्यांदा सापडलं, आणि त्यानंतर इतकं क्वचित की बहुतेकांनी इथे कधी बघितलेलंच नसतं. इथला हिवाळा त्याला सोसत नाही. दक्षिण युरोपातून खाडी ओलांडून येतं तेवढंच.

त्या वेलावर मी ते तीन फुटांवरून बघत होते. पंखाची बाहेरची बाजू फिकट तपकिरी, त्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा, कडेच्या थोडं आत एक रुंद पांढरा पट्टा. शेपटीच्या बुडाशी दोन काळे ठिपके, त्यांना नारिंगी किनार. आणि मागचे दोन पंख एकमेकांवर घासत होतं, एक वर तर एक खाली, त्यामुळे पांढऱ्या टोकांच्या शेपट्या मिशांसारख्या हलत होत्या. मागच्या टोकाला खोटं डोकं तयार होतं ते असं. पक्षी तिथे चोच मारतो, पंखाचा तुकडा जातो आणि जीव वाचतो.

मी हळू आवाजात नाव सांगितलं. म्होरके दहा पावलांवर होते. त्यांनी तिथूनच दुर्बीण लावली, तेवढ्यात ते उडालं, निळसर झाक दिसली. म्हणाले, ‘कॉमन ब्लू. जुनं झालेलं, रंग उडालेलं.’ मी रेघा सांगितल्या, शेपट्या सांगितल्या, वेल दाखवला. त्यावर ते अगदी प्रेमाने म्हणाले, ‘तुला तुमच्याकडचं काहीतरी आठवत असेल.’ आणि सगळे पुढे निघाले.

मीही निघाले. याचं मला आजही वाईट वाटतं. भाषेची अडचण नव्हती. अकरा माणसांसमोर गुरूला खोटं पाडायचं नाही एवढंच मनात होतं. फोटो नव्हता, फोन पिशवीत तळाला. घरी येऊन मी वहीत चित्र काढलं, रेघा, पट्टा, ठिपके, तारीख, वेलाचं नाव सगळं लिहिलं, आणि वही कपाटात ठेवली. कुठेच पाठवलं नाही.

पुढे काय झालं ते इथल्या कुणालाही माहीत आहे. 2013 च्या त्या उन्हाळ्यात केंट आणि ससेक्सच्या किनाऱ्यावर लाँग-टेल्ड ब्लू आली, अंडी घातली, आणि सप्टेंबरमध्ये इथेच वाढलेली नवी पिढी बाहेर पडली. किंग्जडाउनला लोक लांबून लांबून बघायला आले. माझी नोंद त्यात नाही. म्होरके नंतर भेटले तेव्हा त्या सकाळचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आता ते नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं. निळं फुलपाखरू दिसलं की पंख मिटायची वाट बघा आणि एकच बघा: बाहेरच्या बाजूला ठिपके आहेत की रेघा? इथल्या कायमच्या रहिवासी निळ्यांना ठिपकेच असतात, रेघा एकालाही नाहीत. ठिपक्यांबरोबर नारिंगी चंद्रकोरी असतील तर बहुधा कॉमन ब्लू. चंदेरी निळसर पार्श्वभूमीवर बारीक काळे ठिपके आणि नारिंगी अजिबात नाही, तर होली ब्लू, तो कुंपणाच्या झुडपांवर उंच उडतो. कॉमन ब्लूची मादी पुष्कळदा तपकिरीच असते आणि ब्राउन आर्गसशी गफलत होते. तिथे पुढच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूला, अंगाच्या जवळ, एक जास्तीचा ठिपका आहे का बघा. असेल तर कॉमन ब्लू.

तपकिरी मंडळींचंही तेच. जुलैच्या शेवटी कुंपणाच्या काटेरी ब्रॅम्बलवर तुम्हाला गेटकीपर ढिगाने दिसतील. पुढच्या पंखावरच्या काळ्या डोळ्यात दोन पांढरे टिंब असतील तर गेटकीपर, बहुतेक वेळा एकच असेल तर मेडो ब्राउन. गेटकीपर पंख उघडून ऊन खातो, मेडो ब्राउन बहुधा मिटून बसतो. मखमली काळपट, खाली पिवळ्या कड्या, तो रिंगलेट, आणि तो ढगाळ हवेतही उडतो. पिकॉक, रेड अ‍ॅडमिरल, कॉमा ही बडलिया नावाच्या झुडपाच्या जांभळ्या तुऱ्यांवर बसतात, त्यांना ओळखायला अ‍ॅपही नको. पेंटेड लेडी तर तुम्ही घरीही बघितली असेल, ती आपल्याकडे आहेच.

सरेला आहात तर डेन्बीज हिलसाइडचा उतार चुकवू नका. फिकट आकाशी चॉकहिल ब्लू त्या उतारावर त्याच दिवसांत निघतात, ऑगस्ट लागला की अ‍ॅडोनिस ब्लूही. अ‍ॅडोनिसच्या पांढऱ्या झालरीला काळ्या शिरा आरपार कापतात, हे जवळूनच दिसतं. ऊन हवं, आणि दहाच्या आधी जाऊन उपयोग नाही. उंच गवतात बसणार असाल तर पँट मोज्यात खोचा, गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो.

आता एक गोष्ट मान्य करते. त्यांच्या जागी मी असते तर मीही आधी कॉमन ब्लूच म्हटलं असतं. शंभरात नव्याण्णव वेळा ते बरोबर असतं, आणि नवख्याला प्रत्येक कॉमन ब्लूत काहीतरी दुर्मीळ दिसतं हेही खरं. माझी तक्रार दहा पावलं चालून न येण्याबद्दल आहे. आणि ओळख पटली नाही तर अ‍ॅपने सुचवलेलं नाव दडपून लिहू नका. आमच्या मोजणीतसुद्धा स्मॉल आणि एसेक्स स्किपर एकत्र लिहायची सोय आहे, त्यात कमीपणा नाही. 2024 ला त्या पंधरा मिनिटांच्या मोजणीत सरासरी जेमतेम सात फुलपाखरं भरली आणि सप्टेंबरमध्ये ती मोजणी घेणाऱ्या बटरफ्लाय कन्झर्व्हेशन या संस्थेने ‘फुलपाखरू आणीबाणी’ जाहीर केली. ते आकडे तुमच्या-माझ्यासारख्यांनी पाठवलेल्या नोंदींचेच असतात. पक्कं असेल ते मात्र त्याच दिवशी पाठवा. फोटो नसला तरी चालेल, चित्र काढा, झाड लिहा. प्रत्येक परगण्यात नोंदी तपासणारा एक स्वयंसेवक असतो. कपाटात ठेवू नका.

लाँग-टेल्ड ब्लू तुमच्या तीन आठवड्यांत दिसायची शक्यता फार कमी, त्यातून सरे किनाऱ्यावर नाही. पण भावाच्या बागेत तो गुलाबी वाटाण्याचा वेल असेल, पुष्कळांकडे असतो, तर ऑगस्टमध्ये दुपारी त्याच्याजवळ थोडं बसा. रेघा दिसल्या तर मला कळवा. केंटहून गाडी काढून मी दोन तासांत पोचते.