पहिल्या तुरुंग-भेटीआधी
संस्थेत रुजू झालीस, आता कच्च्या कैद्यांच्या, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेल्यांच्या, मुलाखती तुझ्याकडे येतील. आधी अटकेची तारीख आणि वेळ विचार. घटनेच्या कलम 22 प्रमाणे 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं का, ते तिथेच कळतं. आयुष्यातला पहिलाच गुन्हा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं) कलम 479 बघ: कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेला असेल तर सुटका मागता येते. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात बसत नाहीत, एकाहून जास्त खटले असलेलेही नाहीत.

आणि गेटबाहेर ताटकळणाऱ्या कैद्याच्या आईला पुढची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून दे. माझ्याकडून एकदा एका आईच्या बाबतीत ते राहिलं. त्या मावशी उसने पैसे काढून चुकीच्या दिवशी कोर्टात आल्या. अजून सलतं ते.