फिजिक्सच्या वहीतलं ते पान

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले होते, आणि पहिली खूण केली ती या वाक्यावर, "आम्ही तिसरीत असताना आम्हाला पहिली सिरियल मिळाली." मग खाली, "आम्ही चार वर्षं गाजवली", "आम्हाला ऑडिशनला बोलावतात पण आम्ही जात नाही". ताई, तिसरीत तुमचा मुलगा होता. ऑडिशनला जायला नको म्हणतोय तोही तुमचा मुलगाच. अख्ख्या पत्रात त्याचं स्वतःचं असं एकच वाक्य आहे, तेही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, "मला चित्रं काढायचीयेत आणि म्युझिक करायचंय, मला परत ते नाही करायचं." मार्कांची तुम्ही दीड पान काळजी केलीय पण मार्क ठीक आहेत हो, अकरावीला ६८ टक्के म्हणजे काही आभाळ कोसळलेलं नाही. मला काळजी वाटली ती त्या "आम्ही"ची.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. या ताई डोंबिवलीच्या. मुलगा आठव्या वर्षी एका मराठी मालिकेत आला, बाराव्या वर्षापर्यंत घराघरात पोचला, मग मालिकेने लीप घेतला, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेली, आणि त्याच्या जागी पंचवीस वर्षांचा हिरो आला. त्यानंतर तीन वर्षांत अकरा ऑडिशन, एकही काम नाही, आवाज फुटलेला, उंची वाढलेली. आता तो सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. ताईंचा प्रश्न असा, की त्याला ॲक्टिंगच्या कोर्सला घालू का इंजिनिअरिंगला, आणि हे चित्रं-म्युझिकचं खूळ डोक्यातून कसं काढू.

ताई, तुम्ही पत्रासोबत चौदा फोटो पाठवलेत. मी मोजले. एकाही फोटोत तो बारा वर्षांपेक्षा मोठा नाहीये. त्याचा आत्ताचा चेहरा कसा आहे हे मला माहीतच नाही, आणि पत्र वाचून असं वाटलं की तुम्हीपण त्या चेहऱ्याकडे नीट बघितलेलं नाही बरेच दिवस. लीप आला तेव्हा बारा वर्षांच्या त्या पोराला सेटवर कुणी बसवून सांगितलं का, की बाळा तुझं काम छान झालं, आता गोष्ट पुढे गेलीय? तुम्ही लिहिलंय की प्रॉडक्शनमधून फोन आला आणि त्यानंतर आठवडाभर तो कुणाशी बोललाच नाही. नोकरी गेल्यावर चाळीशीतला माणूस जसा गप्प होतो ना, तसंच झालं असणार ते, फरक एवढाच की हा सातवीत होता आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सगळे विचारत होते.

आता तुमचा जो एक गैरसमज आहे त्यावर बोलते, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभंय. तुम्हाला वाटतंय की त्याच्याकडे करिअर तयार आहे, फक्त पुढे न्यायचंय, आणि सोडलं तर "मिळालेली ओळख वाया जाईल". सचिनजी आणि महेश कोठारेंची नावं दिलीत तुम्ही. त्यांचंच बघा की. महेश कोठारे लहानपणी एवढं गाजले पण मोठेपणी ते वकिली शिकले, आणि त्यांचा दिग्दर्शक म्हणून जम बसला तो १९८५ मध्ये, धुमधडाकापासून. सचिन पिळगावकरांनी अभिनयासोबत दिग्दर्शन केलं, गाणं केलं, म्हणजे त्या गोंडस चेहऱ्याच्या भरवशावर नाही राहिले. दीवारमधला लहानपणीचा विजय आठवतो? तो मास्टर अलंकार, म्हणजे अलंकार जोशी, पल्लवी जोशीचा भाऊ, तो पुढे अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या धंद्यात गेला. तुमच्या मुलाचंही तेच, लोकांना जो ओळखीचा आहे तो आठ वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला मुलगा, आणि तो मुलगा आता जगात नाहीये, तो मोठा झाला. मोठेपणी ॲक्टिंग करायची असली तरी शून्यापासूनच सुरू करावी लागते, उलट थोडं मागूनच, कारण कास्टिंगवाल्याच्या डोळ्यासमोर जुना चेहरा असतो. म्हणजे वाया जाण्यासारखं तुम्ही समजताय तेवढं काही शिल्लकच नाहीये, आणि हे कटू वाटलं तरी मला ते सुटकेसारखं वाटतं, त्याच्यासाठी.

तुम्ही विचारलंय, "असं बालकलाकाराचं चित्रकार झालेलं कुठे ऐकलंय का?" ऐकलंय ना. १९४८ मध्ये हॉलिवूडमध्ये हिरव्या केसांच्या एका मुलाच्या गोष्टीवर सिनेमा आला होता. मुख्य मुलगा होता डीन स्टॉकवेल आणि त्याच सिनेमात छोट्या कामात होता रस टॅम्बलिन. दोघंही पोरवयातले. आणि दोघंही पुढे कोलाज, म्हणजे कागदाचे-फोटोंचे तुकडे चिकटवून चित्रं, करणारे चित्रकार झाले! स्टॉकवेलचे आईवडील दोघंही रंगभूमीवरचे, नऊ-दहा वर्षांचा असताना एमजीएमसारख्या स्टुडिओत काम करत होता, पण त्यात त्याला आनंद नव्हता, हे तो मोठेपणी मुलाखतींत बोलला. सोळाव्या वर्षी त्याने ते सोडलं आणि काही वर्षं मिळेल ती कामं करत फिरला. परत आला, १९५९ आणि १९६२ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं बक्षीस मिळालं, सोबतच्या नटांबरोबर वाटून, आणि साठच्या दशकात पुन्हा सगळं बाजूला ठेवून लॉस एंजलिसजवळच्या टोपांगा कॅन्यनमध्ये चित्रकारांच्या आणि गाणंवाल्यांच्या गोतावळ्यात रमला. तिथे वॉलेस बर्मन नावाचा कलाकार होता, मासिकातले तुकडे, जुने फोटो, यातून कला करणारा, त्याची संगत या दोघांनाही लागली. टॅम्बलिन तर १९६१ च्या वेस्ट साइड स्टोरी या सिनेमात गाजलेला माणूस, तरी कोलाजकडे वळला. स्टॉकवेलने लिहिलेल्या, कधीच न बनलेल्या एका सिनेमाच्या पटकथेवरून नील यंग या गायकाला १९७० च्या त्याच्या अल्बमची कल्पना सुचली, आणि १९७७ च्या नील यंगच्याच एका अल्बमचं कव्हर स्टॉकवेलने केलं.

मी तुम्हाला गोड गोष्ट सांगत नाहीये हां. मधल्या काळात स्टॉकवेलला काम मिळेना, तेव्हा त्याने घरं-जमिनी विकायचं लायसन्ससुद्धा काढलं होतं. मग १९८४ पासून पुन्हा सिनेमे, १९८८ च्या कामासाठी ऑस्करचं नामांकन, मग टीव्ही मालिका, आणि उतारवयात स्वतःच्या कोलाजची प्रदर्शनं. आत बाहेर, आत बाहेर असं चाललेलं आयुष्य. पण बाहेर पडायचं ते त्याने ठरवलं आणि परत यायचं तेही त्यानेच. तुमच्या मुलाला परत कधी कॅमेऱ्यासमोर उभं राहावंसं वाटलं तर तो दरवाजा कुणी कुलूप लावून बंद करत नाही. संगीताचंही असंच, जेनी लुईस म्हणून अमेरिकेतली एक बालकलाकार, तिने आणि दुसऱ्या एका माजी बालकलाकाराने मिळून १९९८ मध्ये बँड काढला, आज तिला लोक गायिका आणि गीतकार म्हणूनच ओळखतात.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, जी तुम्ही पुरावा म्हणून पाठवलीत. फिजिक्सच्या वहीच्या पानाचा फोटो, वर लिहिलंय "बघा, अभ्यासाच्या नावाखाली हे". डावीकडे लेन्सच्या फॉर्म्युल्याच्या दोन ओळी, बाकी पूर्ण पानभर बॉलपेनने काढलेलं चित्र. एक स्पॉटदादा, सेटवर चहापाणी आणि सामान बघणारा, उलट्या क्रेटवर बसून डबा खातोय. बाजूला केबलची गुंडाळी. चहाची तारेची जाळी, त्यात सहा ग्लास, त्यातले चारच भरलेले. आणि त्या माणसाने घास घेताना दुसरा हात वॉकीटॉकीवर ठेवलाय, कारण केव्हाही हाक येईल. हे मॉडेल समोर बसवून काढलेलं नाहीये ताई, पाच वर्षांपूर्वीचं आठवून काढलंय. बाराव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर उभा असलेला मुलगा कॅमेऱ्यामागच्या माणसाचा हात बघत होता! मी पंचवीस वर्षं मुलांची कामं बघते, पोर्टफोलिओ क्लासला लाखभर भरून आलेली मुलंसुद्धा असा हात काढत नाहीत, त्यांना नुसतं शेडिंग येतं.

आणि म्युझिक "नवीन खूळ" म्हणालात, पण तुम्हीच मागच्या पानावर लिहिलंय की सिरियलच्या आधी दोन वर्षं तो तबला शिकत होता, गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक परीक्षा झाली होती आणि पुढच्या प्रवेशिका प्रथमचा फॉर्म शूटिंगमुळे भरला नाही. म्हणजे जुनं कोणतं आणि नवीन कोणतं? तबला आधीचा आहे. सिरियल नंतर आली.

रस्ते विचारलेत तर ते एका दमात सांगते, बीएफए म्हणजे चित्रकलेच्या पदवीसाठी राज्याच्या सीईटी सेलची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते आणि तिला सायन्सच हवं असं काही नाही, मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय, बडोदा, शांतिनिकेतन यांचे प्रवेश आपापले बघायचे, डिझाइनकडे जायचं तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट आणि आयआयटीची यूसीड या प्रवेश परीक्षा, संगीतात पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, तारखा प्रत्येकाच्या साइटवरच बघा. बीएफए चार वर्षं, तबला संध्याकाळी सुरू, लॅपटॉपवर तो जे बीट्स करतो ते रात्री. सतराव्या वर्षी दोनातलं एक निवड असा तगादा लावू नका. त्यालाही एक सांगा माझ्याकडून, की बारावी नीट पास व्हायचं, फिजिक्सची वही वेगळी आणि स्केचबुक वेगळं करायचं, आणि फाइन आर्ट म्हणजे निवांतपणा असं समजून येणार असेल तर येऊ नको, पहिल्या वर्षी रोजची स्केचेस काढून बोटं दुखतात. पैसे सुरुवातीला कमीच असतात. पण गाण्याच्या बाबतीत एक माहीत असू द्या, २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून घेऊनही काढून घेता येत नाही, म्हणून कुठल्याही लेबलच्या, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीच्या, कागदावर सही करायच्या आधी तो वाचायला शिकायचं.

पैशांवरून आठवलं, आणि हे मी स्पष्टच विचारते. तुम्ही लिहिलंय की फ्लॅटच्या हप्त्यांना त्याच्या मानधनाचा मोठा आधार झाला. त्याला हे माहितेय का? आकडा माहितेय? बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराच्या कमाईतले कमीत कमी २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी व्हायला हवेत, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळायला हवेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नको असंही त्यात आहे, आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करवून घ्यायचं नाही हेही. अमेरिकेत जॅकी कूगन, चॅप्लिनच्या १९२१ च्या सिनेमातला तो लहान मुलगा, त्याने मोठेपणी बघितलं तर कमाईचे लाखो डॉलर आई आणि सावत्र वडिलांनी उडवलेले. १९३८ मध्ये त्याला स्वतःच्या आईवर केस करावी लागली, पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात कायदा झाला पण त्याच्या हाताला फारसं काही लागलं नाही. तुमच्या घरी तसं आहे असं मी मुळीच म्हणत नाही, हप्ते भरले ते घर त्याचंही आहे. पण अठरावा वाढदिवस चार महिन्यांवर आलाय. त्याच्या आत एका रविवारी पासबुकं, एफडीच्या पावत्या, करारांचे कागद घेऊन त्याच्याशेजारी बसा आणि सगळं दाखवा. काही कमी असेल तर तेही सांगा. कोर्स कुठला हे त्यानंतर ठरवा.

आणि आता तुमच्याबद्दल. पत्रात चौथ्या पानावर, कडेला बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय की त्याच्या शूटिंगसाठी तुम्ही शाळेतली क्लार्कची नोकरी सोडली, डोंबिवली ते घोडबंदर चार वर्षं रोज नेआण केली, त्याचे डायलॉग पाठ करून घेतले, कुठल्या सीनला कुठला शर्ट होता याची वही ठेवली, सोबतच्या दोन मुलांचा गृहपाठसुद्धा घेतला. मग लीप आला आणि तुमचीही नोकरी गेली ताई. तुमची कुणी दखलच घेतली नाही, कारण तुम्हाला पगार नव्हता. मला या पत्रात अडलेलं करिअर तुमचं दिसतंय. त्याचं तर ठरलेलं आहे.

बालकामगार कायद्याच्या त्याच नियमांत असं आहे की सेटवर जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची, मुलांचं संरक्षण आणि काळजी बघायला. तुम्ही हेच काम केलंय, फुकट. तुमच्याकडे त्या कंटिन्युइटीच्या, म्हणजे कुठल्या सीनला कुठला शर्ट त्याच्या, वह्या असतील तर त्या घेऊन ओळखीच्या दोन प्रॉडक्शनवाल्यांना भेटा, मुलांचे डायलॉग घेणारं, त्यांच्या वेळा सांभाळणारं माणूस म्हणून, आणि यावेळी पैसे मागून घ्या. सेट नको वाटत असेल तर परत शाळेत अर्ज करा. तुम्ही बेचाळीस लिहिलंय वय, अजून पुष्कळ वर्षं काम करायचंय तुम्हाला. रोज सकाळी उठून त्याच्या चेहऱ्याकडे "आज तरी हो म्हणेल" म्हणून बघायचं थांबलं ना, की त्याला घरात मोकळा श्वास घेता येईल, आणि तुम्हालाही.

पुढचं पत्र त्याने लिहिलं तर मला आवडेल, पण नाही लिहिलं तरी चालेल. वहीचं ते पान मात्र फाडू नका. त्याला विचारून पुन्हा एक फोटो पाठवा, तुम्ही पाठवलेल्यात खालचा कोपरा कापला गेलाय, त्या स्पॉटदादाच्या चपलेपाशी त्याने पेनने दोन शब्द लिहिलेत, ते मला वाचता येत नाहीयेत.